चार पायांचे आरोपी

तुमच्या अंगाला कधी चारचौघांत खाज सुटली आहे का? खरं सांगा! लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, नाहीतर सासरच्या मंडळींसमोर? सुटली असेल, तर माझं म्हणणं तुम्हाला लगेच पटेल. ताप आलेला माणूस गप्प पडून राहतो. दाढ दुखणारा गाल धरून बसतो. पण खाज सुटलेला माणूस बोलत सुटतो! हात खाजवण्यात गुंतलेले, तोंड मोकळं. म्हणून तर कातडीच्या दवाखान्यात इतके किस्से साचतात. मी ते मुद्दाम गोळा केलेले नाहीत. मी फक्त बाकासमोरच्या टेबलाशी बसत होते.

मी जुनी अकरावी पास. शनवारा दरवाज्याजवळच्या गल्लीत आमच्या मॅडमचा दवाखाना. त्या मूळच्या जबलपूरकडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या, वयानं माझ्याहून लहान. नंबर देणं, केसपेपर लिहिणं, नाव पुकारणं आणि मलम कसं लावायचं ते दोनदा समजावून सांगणं, हे माझं काम. दोनदा अशासाठी, की पहिल्यांदा लोक ऐकत नाहीत, खाजवत असतात.

ही गोष्ट आमचं बुरहानपूर खंडव्यापासून वेगळं होऊन जिल्हा झालं, त्या दिवसांतली. नवी ऑफिसं उघडत होती, भोपाळ-ग्वाल्हेरकडचे साहेब राहायला येत होते, आणि त्यांच्याबरोबर कधी न पाहिलेले झिपरे कुत्रेही येत होते.

आणि त्याच वर्षी माझ्या घरातून दोन जीव बाहेर पडायच्या बेतात होते. एक आमचे नाना, म्हणजे माझे सासरे. दुसरा नानांचा कुत्रा. ही वेळ आली ती माझ्या जिभेमुळे. दवाखान्यातला किस्सा घरी जाऊन सांगायची खोड मला नसती, तर काही झालं नसतं.

*

आधी नाना आणि त्यांचा कुत्रा तुम्हाला माहीत हवेत.

नाना रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. शेवटची बरीच वर्षं चांदनी स्टेशनावर काढली. रिटायर होऊन घरी आले आणि वर्षभरात सासूबाई गेल्या. त्यानंतर नाना बोलायचेच बंद झाले. विचारलं तर "हौ", नाहीतर "नको". बस, दोनच शब्द.

एकदा जुन्या सोबत्यांना भेटायला म्हणून चांदनीला गेले आणि येताना पिशवीतून एक पिल्लू घेऊन आले. तांबूस रंगाचं, एक कान फाटलेला. आमचे हे म्हणाले, "नाना, हे काय?"

नाना म्हणाले, "गार्ड."

नाव असं का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. नाना पुढे चालले की पिल्लू बरोबर दहा पावलं मागे. नाना थांबले की तेही थांबे. पुढे कधी जायचं नाही, बरोबरीनं कधी चालायचं नाही. "गाडीच्या शेवटच्या डब्यात कोण असतो?" नाना मला म्हणाले. "गार्ड!" सासूबाई गेल्यानंतर नानांनी माझ्याशी सलग बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यानंतर नाना बोलायला लागले. आधी गार्डाशी, मग आमच्याशी. सकाळी ताप्तीवर फेरी, आणि दुपारी ओट्यावर खुर्ची टाकून पेपर. नाना रेल्वेतली जुनी खाकी हाफपँट घालून बसत आणि गार्ड शेजारी बसून त्यांच्या उजव्या मांडीवर मान टेकून झोपे. आमचे हे मात्र येता-जाता म्हणायचे, "कुत्रं ओट्यावर नको. कुत्र्यानं अंगणात राहावं." हे एका शाळेत क्लार्क आहेत. यांना प्रत्येक गोष्टीला नियम लागतो.

*

आता तो किस्सा, जो मी घरी सांगायला नको होता.

धूलकोटहून एक आजी सात वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. दिवेलागण झाली की पोरीच्या अंगावर गांधी उठायच्या. गाल, मान, पाठ, सगळीकडे.

"पित्त उठतं वं माय," आजी म्हणाल्या. "गेरू लावला, आमसूल चोळलं. आता घोंगडी सुरू आहे."

पित्त उठलं की अंगाला लोकरीची घोंगडी लपेटायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मॅडमना ती ठाऊक होती. त्यांनी विचारलं, "घोंगडी लपेटल्यावर कमी होतं का?"

"नाही ना! वाढतं. वाढलं की आम्ही आणखी घट्ट लपेटतो."

मॅडमनी औषध दिलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी पोरीच्या अंगाला जे जे लागतं ते सगळं घेऊन या. साबण, तेल, कपडे, घोंगडी, सगळं."

आठवड्यानं आजी मोठं गाठोडं घेऊन हजर! मी घोंगडी दारात नेऊन झटकली, तर पांढऱ्या केसांचा असा ढग उठला की बाकावरचे तिघं उठून उभे राहिले.

मॅडमनी विचारलं, "आजी, ही घोंगडी दिवसभर कुठे असते?"

"कुठे म्हणजे? मनीखाली!"

"मनी कोण?"

"मांजर आमची. चार पिल्लं झालीत तिला. बाळंतिणीला गारठा नको म्हणून दिवसा घोंगडी तिला, संध्याकाळी पोरीला!"

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी मात्र केसपेपरमागे तोंड लपवलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, पोरीला मांजराची ॲलर्जी आहे. घोंगडी मनीला कायमची देऊन टाका, आणि मनीला गोठ्यात घर करून द्या."

पंधरा दिवसांनी पोर आली ती उड्या मारतच. अंगावर एक गांध नाही! आजी मला हळूच म्हणाल्या, "घोंगडीचा गुण आला खरा. पण मनीला पांघरल्यावर!"

*

हा किस्सा मी त्याच दिवशी घरी जेवताना सांगितला, आणि दुसऱ्या दिवशी नळावर. मला मॅडमचा अभिमान वाटला होता, दुसरं काही मनात नव्हतं. पण महिन्याभरात सगळीकडे एकच बोलणं झालं: शनवाऱ्याच्या मॅडम कातडी बघून सांगतात, घरातलं कोणतं जनावर गुन्हेगार आहे!

मग काय विचारता! एक केळीवाले काका थेट बकरी घेऊनच दवाखान्यात आले. दोरी हातात, बकरी दारात.

मी विचारलं, "पेशंट कोण?"

"मी."

"मग ही?"

"ही आरोपी. मॅडम आरोपीला समोर घेऊन बघतात असं ऐकलं."

मी म्हटलं, "काका, हिला बाहेर बांधा." ते म्हणाले, "बाहेर बांधली तर दुसऱ्याच कुणाचा आरोप हिच्यावर येईल!" बाकावरची माणसं तर खूश. एकजण म्हणाला, "राहू द्या ताई, तिचा पण नंबर लावा."

मॅडमनी काकांची कंबर बघितली. साधं गजकर्ण होतं. घामाचं, ओल्या कपड्यांचं. बकरीचा काही संबंध नव्हता. त्यांनी तसं केसपेपरवर लिहिलं, कागद टेबलाच्या कडेला ठेवला आणि हात धुवायला वळल्या. तेवढ्यात बकरीनं मान लांब केली आणि सगळा केसपेपर खाऊन टाकला. औषधांच्या नावांसकट!

काका घाबरले. मॅडम टॉवेलला हात पुसत म्हणाल्या, "निर्दोष सुटली होती. आता पुरावा नष्ट केल्याची केस लावू का?"

*

तिसरा किस्सा एका नव्या साहेबांच्या बाईंचा. कुठल्या ऑफिसातले साहेब ते सांगत नाही. बाई मोठ्या टापटिपीच्या, आणि कडेवर पांढरा, कापसाच्या गठ्ठ्यासारखा कुत्रा. नाव बिस्किट. बाईंच्या दोन्ही हातांवर लाल चट्टे.

मॅडमनी नुसतं कुत्र्याकडे बघितलं, तर बाई म्हणाल्या, "नहीं मैडम, हमारा बिस्किट ऐसा नहीं है!"

मग त्यांनी यादीच वाचली. इथलं पाणी जड आहे, इथलं ऊन कडक आहे, इथल्या डाळीत काहीतरी आहे, इथल्या हवेत पॉवरलूमचा कापूस उडतो. सगळं बुरहानपूर दोषी, बिस्किट तेवढा साधू!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "एक काम कीजिए. पंधरा दिवस बिस्किटला दुसरीकडे ठेवा. घर धुऊन, पुसून काढा. मग बघू."

बाईंना ते कसं जमणार? त्यांनी उलटंच केलं. बिस्किटला घेऊन स्वतःच माहेरी ग्वाल्हेरला गेल्या. घर मात्र नोकराकडून नीट धुऊन घेतलं.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात आले ते साहेब. एकटेच. मी म्हटलं, "मेमसाब नहीं आईं?" ते म्हणाले, "वो वहीं हैं. चट्टे भी वहीं हैं." मग शर्टाची बाही वर करून आमच्या मॅडमना म्हणाले, "मगर ये देखिए! दो साल से मेरे हाथ पे जो था, साफ हो गया!"

दोन वर्षं ते स्वतःच्या खाजेला कामाचं टेन्शन समजत होते! मॅडमनी अभिनंदन केलं आणि लिहायला पेन उचललं. तसे साहेब पुढे वाकले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मैडम, रिपोर्ट में टेंशन ही लिख दीजिए. घर में शांति रहेगी."

*

हाही किस्सा मी घरी सांगितला. सगळे हसले. नाना हसले नाहीत.

माझ्या लक्षात यायला हवं होतं. वैशाखाचं ऊन होतं, ओट्यावर पाय ठेवला तर चटका बसत होता, आणि नाना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायजमा घालून बसायला लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, "वारा लागतो." बुरहानपूरला वैशाखात कसला वारा?

एके दिवशी आंघोळीनंतर यांनी नानांना उघड्या अंगानं बघितलं. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, तळहाताएवढा चट्टा. मधे काळपट, कडेनं पाण्याचे फोड. उजव्या मनगटाच्या वरही तसाच. नाना लपवत होते, कारण माझे किस्से ते रोज ऐकत होते.

हे तसेच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बघितलंस? कुत्रा जिथे मान टेकतो, बरोबर तिथे! तूच सांगतेस ना रोज? मांजर, बिस्किट?"

हो, मीच सांगत होते.

संध्याकाळी यांनी निकाल दिला. इच्छापूरला माझ्या नणंदेचा, सुमनताईंचा, केळीचा मळा आहे. दर रविवारी त्यांचा टेम्पो केळी घेऊन शहरात येतो. "या रविवारी टेम्पो परत जाताना गार्डाला घेऊन जाईल. मळ्यात मोकळा राहील. नानांची तब्येत आधी."

नाना म्हणाले, "हौ."

मला वाटलं, बरं झालं, वाद नाही. मग थोड्या वेळानं माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर नानांनी त्यांची जुनी पत्र्याची पेटी खाली काढली होती. धोतरं, चष्मा, सासूबाईंचा फोटो, सगळं नीट रचत होते.

"नाना, हे काय?"

"गार्डाशिवाय गाडी सुटते का?" नाना मान वर न करता म्हणाले. "नियम आहे. तो इच्छापूरला चालला, तर गाडी पण इच्छापूरला."

*

त्या आठवड्यात मी दवाखान्यात कुणाशीच एक शब्दही जास्त बोलले नाही. मॅडमनी दोनदा विचारलं, "शोभाताई, बरं नाही का?" मी म्हटलं, "ठीक आहे." मॅडमना सांगायची मला भीती वाटत होती. त्यांनीही कुत्राच म्हटलं, तर? मग तर दारच बंद!

शुक्रवारी एक खाला, म्हणजे मुसलमान मावशी, आल्या. त्यांच्या घरी चाळीस-पन्नास कबुतरं. त्यांच्या नवऱ्याचा जीव त्या कबुतरांवर. नवरोबा छतावरून खाली यायलाच तयार नसत. खालांच्या कपाळावर आणि कानांमागे खाज.

बसायच्या आधीच म्हणाल्या, "मैडम, कबूतर लिख दीजिए!"

"पहले देखने तो दीजिए."

"देखना क्या है? सब जगह सुना है, आप जानवर पकड़ती हैं. एक बार लिख दीजिए कबूतर, फिर मैं देखती हूँ वो छत पे कैसे बैठते हैं!"

मॅडमनी कपाळ बघितलं, कान बघितले, केसांची मुळं बघितली. मग विचारलं, "खाला, बाल कब रंगे?"

खालांचा चेहरा उतरला. भाचीच्या लग्नासाठी बाजारातली काळी मेंदी लावली होती, आणि ती गोष्ट घरातही कुणाला माहीत नव्हती.

"कबूतर बेकसूर हैं," मॅडम म्हणाल्या. "मी बघितल्याशिवाय कुणावर ठपका ठेवत नाही."

खाला उठल्या, बुरखा सावरला आणि दारातून वळून म्हणाल्या, "इतने बड़े डॉक्टर के पास आए, और एक कबूतर तक नहीं पकड़ा गया!"

सगळा बाक हसला. मीही हसले, पाच दिवसांत पहिल्यांदा. पण मॅडमचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बघितल्याशिवाय ठपका ठेवत नाही. आणि आम्ही? आम्ही नानांना डॉक्टरला दाखवलंही नव्हतं! कातडीच्या दवाखान्यात नोकरी करणारी सून घरात, आणि निकाल दिला शाळेच्या क्लार्कनं!

*

शनिवारी सकाळी मी नानांना म्हटलं, "संध्याकाळी मॅडमकडे चला."

"नको. तिथे गेलेलं जनावर घराबाहेर होतं."

"नाना, बकरी सुटली ना!"

"बकरीनं कागद खाल्ला म्हणून सुटली."

"कबुतरं सुटली, नाना. पन्नासच्या पन्नास सुटली! खालांना नको असताना सुटली."

नानांनी गार्डाकडे बघितलं. मग म्हणाले, "गार्डाला पण बघायला सांग. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे."

संध्याकाळी पेशंट संपत आल्यावर आम्ही गेलो. पुढे नाना, मागे मी, आणि दहा पावलांवर गार्ड. मॅडमना मी सगळं सांगितलं. टेम्पो, पेटी, सगळं. मॅडमनी दिवा ओढला आणि नानांची मांडी बघितली. मग मनगट. मग परत मांडी. त्यांची मान हळूहळू हलायला लागली.

मी डोळे मिटून घेतले.

"नाना," मॅडम म्हणाल्या, "कुत्र्याच्या केसांनी असा काळा डाग पडत नाही. हे भाजल्यासारखं आहे. तुम्ही मांडीवर काय सांडलं?"

"काही नाही. पेपर वाचतो आणि याची मान असते."

"मान," मॅडम म्हणाल्या. त्या खाली बसल्या, चक्क फरशीवर. गार्डानं नानांकडे बघितलं, नानांनी मान हलवली, तेव्हा कुठे तो जवळ गेला. मॅडमनी हातमोजे घातले आणि त्याच्या गळ्याचा पट्टा वर सरकवला. पट्ट्याखाली केस गेलेले, कातडी लाल. आणि तिथे एक काळा दोरा, आणि दोऱ्यात ओवलेलं काहीतरी काळं, चपटं, तेलानं चकचकणारं.

"बिबा!" मी ओरडलेच.

गुरांना दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधतात तो बिबा! उन्हाळ्यानं त्याचं तेल सुटलं होतं. गार्ड मान टेकेल तिथे ते तेल, त्याला कुरवाळणाऱ्या हाताला ते तेल, आणि तेल लागेल तिथे फोड. नानांची मांडी अशी रोज थोडी थोडी भाजत होती.

"बिबा उतलाय तुमच्या अंगावर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कात्रीनं दोरा कापला आणि बिबा जाड कागदात गुंडाळला. "हा बिचारा तर स्वतःच पेशंट आहे. मलम देते, नानांना आणि यालाही लावा. दोघेही बरे होतील."

नाना उभे राहिले. ताठ. "मॅडम, हे लिहून द्या. सहीशिक्क्यानिशी. आमच्या घरात नियम फार आहेत."

मॅडमनी खरंच लिहून दिलं. केसपेपरवर, मोठ्या अक्षरात: कुत्रा निर्दोष. खाली सही, त्यावर शिक्का. नानांनी कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि मग विचारलं, "पण हा बांधला कुणी?"

मी म्हटलं, "मी नाही."

"मी तर नाहीच. जन्मभर सिग्नल मानला, दृष्टबिष्ट कधी मानली नाही."

*

घरी आलो तर हे ओट्यावर बसले होते. दुसऱ्या दिवसासाठी गार्डाची थाळी धुऊन पिशवीत घातली होती, शेजारी त्याचं बसायचं पोतं घडी करून ठेवलेलं.

मी मॅडमनी दिलेली पुडी यांच्यासमोर ठेवली आणि उलगडली.

यांनी बिब्याकडे बघितलं. मग दोऱ्याकडे. मग यांचे कान लाल व्हायला लागले. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. हे कान मला चांगले माहीत आहेत.

"अहो!" मी म्हटलं. "तुम्ही?"

"संक्रांतीनंतर त्याला स्कूटरचा धक्का लागला होता ना," हे खाली बघत म्हणाले. "लंगडत होता. नाना दोन दिवस जेवले नव्हते. मंडईत एक बाई बिबे विकत बसली होती. म्हटलं, नको बाबा, आता याला काही व्हायला नको. पट्ट्याखाली बांधला, दिसू नये म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? रोज म्हणत होतो, कुत्रं ओट्यावर नको."

नाना आपल्या मुलाकडे बघत उभे होते. मग त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि यांच्या हातात दिला. यांनी तो वाचला. शिक्का बघितला. परत वाचला.

"चाळीस वर्षं पॉइंट मी बदलले," नाना म्हणाले, "आणि गाडी रुळावरून उतरवलीस तू!"

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. पण हे हसताना डोळे पुसत होते, आणि नाना यांच्या पाठीवर थापा मारत होते. सासूबाई गेल्यानंतर नानांना इतक्या मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इच्छापूरचा टेम्पो आला, आमच्या दारात केळीचे दोन घड उतरवले, आणि रिकामाच परत गेला.